अडीचशे मोहरांचा करार

शनिवारी खेळ असला की त्याची तयारी मी गुरुवारी रात्री करते. जेवणाचं टेबल पुसायचं, चौकटींचा मोठा कागद पसरायचा, पंख्याने उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवायच्या. मग शिसपेन्सिल, खोडरबर आणि पुस्तिका.

खेळ आहे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 साली तो अमेरिकेत आणला. एकाने जग सांगायचं, बाकीच्यांनी त्या जगात वावरायचं. सध्या सांगायचं काम माझ्याकडे आहे आणि जग आहे गायगॅक्सच्याच 1979 च्या 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' या पुस्तिकेतलं. राज्याच्या टोकाला एक किल्ला. त्याच्या दरवाजापर्यंत राजाचा अंमल. पलीकडे रान, दलदल, लुटारूंचा तळ, आणि एका घळीत गॉब्लिन, ऑर्क, कोबोल्ड अशांच्या गुहा.

पहिलं काम नावं देण्याचं. पुस्तिकेत किल्लेदार आहे, धर्मगुरू आहे, लोहार आहे, पण नाव कुणालाच नाही. ते सांगणाऱ्याने द्यायचं. एक गुहाही मुद्दाम रिकामी सोडली आहे. मला ही मोकळीक फार आवडते. नावाबरोबर माणसाला घर येतं, उधारी येते, दुखरा गुडघा येतो. लोहारावर माझा अख्खा तास गेला. मग पाणी. घळीतल्या कुठल्या टोळीला कुठून पाणी मिळतं आणि तिथे जाताना कुणाच्या दारावरून जावं लागतं, हे मी बाणांनी दाखवते. बाण एकमेकांना छेदतात तिथे भांडण असतं.

गॉब्लिनांच्या गुहेपाशी मात्र मी थांबले. त्यांच्या शेजारी एक ओगर राहतो, धिप्पाड राक्षसच. गॉब्लिनांवर कुणी चालून आलं की ते 250 मोहरांची थैली त्याच्याकडे फेकतात आणि तो लढायला येतो. मी ते दोनदा वाचलं. सगळ्या घळीचं नावच अनागोंदीवरून पडलेलं, आणि इथे भाव ठरलेला आहे, पैसे आगाऊ मिळतात, घेणारा शब्द पाळतो.

त्याच गुहेच्या नोंदीत बायका आहेत आणि पोरंही आहेत. संख्येसकट. खेळाच्या जुन्या नियमांत प्रत्येकाचा कल ठरलेला असतो: कायदा, तटस्थता किंवा अनागोंदी. गॉब्लिनांची अख्खी जात अनागोंदीची, म्हणजे पाळण्यातलं पोरसुद्धा. इथे माझ्याच्याने पुढे जाववेना. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांवर असाच जन्मतः शिक्का मारला होता. पुढे तो आपल्याकडेही लागू झाला. रद्द झाला 1952 साली, पण गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालांकडे वळणारी नजर अजून आहे. गायगॅक्सच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. माझ्या मनात ते आलं, आणि ते बाजूला सारून मला नकाशा काढता येईना.

म्हणून तो कलाचा रकाना खोडला. त्या जागी दोन रकाने आखले: काय हवंय, आणि भीती कशाची. कोबोल्डांपासून किल्लेदारापर्यंत सगळ्यांसाठी तेच दोन. रात्रीचा एक वाजला.

शनिवारी आमचे पाच जण गॉब्लिनांच्या गुहेत शिरले. आरडाओरडा झाला, थैली फेकली गेली, ओगर उठला. तलवारी निघाल्या. तेवढ्यात चोराची भूमिका करणारी मैत्रीण म्हणाली, "थांबा. अगं, आपण त्याला तीनशे दिले तर?"

समोरचा कसा वागेल हे दोन फाशांवर ठरतं. दोन पडले तर थेट हल्ला, बारा पडले तर दोस्ती. मी फासे टाकले. नऊ. नियमाप्रमाणे तो देकार ऐकून घेतो. मी सांगितलं की ओगर खाली बसला आहे आणि मोजायला हात पुढे केला आहे. मागे अंधारात पोरांची कुजबुज चालू आहे.

पाचांनी आपापल्या वह्या चाळल्या. सगळ्यांच्या मिळून निघाल्या 170 मोहरा. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकाला आठवलं की किल्ल्यात पेढी आहे, तिथे दरमहा दहा टक्के व्याजाने कर्ज मिळतं. ओगरने दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंतची मुदत दिली.

आता पुढच्या शनिवारी ते पेढीवर जाणार. सावकाराला मी अजून नाव दिलेलं नाही.