ग्रामीण उद्योग : कर्जाआधी नियोजन

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक अर्थशास्त्रीय निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे केवळ एकत्र केल्याने दारिद्र्य हटणार नाही. शेतीवर भार होऊन राहिलेले मनुष्यबळ उद्योगांकडे वळले पाहिजे, हा त्याचा गाभा होता. त्यानंतर शतक उलटले, वाटण्या होत होत जमिनी आणखी लहान झाल्या आणि तो विचार अधिकच निकडीचा ठरला. आज खेड्यातील तरुण उद्योग सुरू करू इच्छितात. त्यांच्यासाठी शासकीय योजना आहेत, बँकाही आहेत. उणीव असते ती कागदावर मांडलेल्या हिशेबाची.

उदाहरणादाखल विदर्भ-मराठवाड्याच्या परिचयाचा तूरडाळीचा व्यवसाय घेऊ. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी दालमिलमुळे हा उद्योग गावपातळीवर शक्य झाला. समजा, एक क्विंटल तूर ७,००० रुपयांस पडली. तिच्यापासून ७२ किलो डाळ मिळाली. वाहतूक, वीज, मजुरी व पोती यांवर ६०० रुपये खर्च झाले आणि चुनी-टरफल विकून ४०० रुपये परत आले. म्हणजे निव्वळ खर्च ७,२०० रुपये. डाळ किलोला १०० रुपयांस पडली. ती १०३ रुपयांनी विकली तर तीन रुपये नफा झाला, असे वाटते. परंतु घरच्या माणसांचे श्रम, यंत्राची झीज आणि कर्जाचे व्याज यांचे क्विंटलमागे ३६० रुपये धरले, तर खरा खर्च १०५ रुपयांवर जातो. नफा वाटत होता तेथे प्रत्यक्षात किलोमागे दोन रुपये तोटा आहे. घरच्यांच्या घामाला मोल न लावण्याची सवय अशा रीतीने उद्योग आतून पोखरते.

दुसरी बाब खेळत्या भांडवलाची. आठवड्याला दहा क्विंटल तूर घेतली, तर ७०,००० रुपये लागतात. खरेदीपासून दुकानदाराकडून वसुली होईपर्यंत सहा आठवडे गेले, तर ४,२०,००० रुपये सतत मालात आणि उधारीत अडकून राहतात. अनेकजण यंत्रापुरतेच कर्ज मागतात आणि दुसऱ्या महिन्यात सावकाराच्या दारी उभे राहतात. म्हणून बँकेपुढे ठेवायच्या प्रकल्प अहवालात यंत्रासाठी मुदत कर्ज आणि मालासाठी खेळते भांडवल, असे दोन्ही आकडे स्वतंत्रपणे मांडावेत.

तिसरी बाब हंगामाची. नवी तूर साधारणतः जानेवारीपासून बाजारात येते. उन्हात वाळवण करणाऱ्या लहान गिरणीचे काम पावसाळ्यात मंदावते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. बारा महिन्यांचा जमा-खर्च महिनावार लिहिला, म्हणजे हातात पैसा नसणारे महिने आधीच दिसतात. त्या महिन्यांसाठी शिल्लक ठेवणे, इतर धान्याची दळण-भरडाई करणे किंवा हप्त्यांच्या वेळापत्रकाविषयी बँकेशी कर्ज घेतानाच बोलणे, हे उपाय तेव्हाच सुचतात.

अनुदानाविषयीही गैरसमज फार आहेत. २००८ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या नियमांनुसार अनुसूचित जाती-जमाती, महिला आदी विशेष प्रवर्गातील ग्रामीण अर्जदारास प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते आणि स्वतःचा वाटा ५ टक्के असतो. परंतु ही रक्कम रोख हाती येत नाही. ती तीन वर्षे बँकेत अर्जदाराच्या नावे ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जखात्यात वळती होते. केवळ अनुदानासाठी उद्योग काढणाऱ्याच्या पदरी शेवटी कर्जच उरते. उद्यम नोंदणी पूर्णपणे विनाशुल्क आहे, हेही ध्यानात असावे. तिच्यासाठी मध्यस्थाला पैसे देण्याचे कारण नाही. नियोजनाचे शिक्षण हवे असल्यास बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत ते निवासी व मोफत मिळते.

प्रारंभी दोन गोष्टी पुरेशा आहेत : घराचे आणि धंद्याचे खाते वेगळे, आणि रोज संध्याकाळी लिहिलेली वही. धंद्यातून घरासाठी पैसे घ्यायचे, ते ठरवलेल्या पगाराच्या रूपाने घ्यावेत. सहा महिन्यांची अशी वही बँकेच्या अधिकाऱ्याला शिफारसपत्रापेक्षा अधिक काही सांगते.

येथे माजी विद्यार्थ्यांचे साह्य मोलाचे ठरेल. आपल्यापैकी कोणी बँकेत आहेत, कोणी लेखापाल, कोणी अभियंते, कोणी व्यापारी. गावातील एखाद्या होतकरू तरुणाचा प्रकल्प अहवाल अर्ज करण्यापूर्वी वाचावा, त्यातील आकडे तपासावेत आणि पहिले वर्षभर महिन्यातून एकदा त्याची वही पाहावी. यास देणगी लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि अर्जावर सही होण्यापूर्वी ‘हा माल कोण घेणार, किती दिवसांत पैसे देणार?’ असे विचारण्याचा स्पष्टपणा. चुकीचा हिशेब कागदावर असतानाच सापडला, तर एका कुटुंबाची जमीन आणि पत दोन्ही वाचतात.