रक्ताचे कवच : समज आणि शास्त्र

पतीस एचआयव्हीची लागण झालेली असते, पत्नीचा अहवाल मात्र निगेटिव्ह येतो. अशा वेळी, 'आमच्या घराण्याचे रक्तच कणखर. पुन्हा तपासणी कशाला?' असा प्रश्न नातेवाईक आम्हांस विचारतात.

हा विषाणू पांढऱ्या पेशीवरील सीडी-४ या प्रथिनास चिकटतो व बहुधा सीसीआर-५ या दुसऱ्या प्रथिनाच्या दाराने आत शिरतो. काही व्यक्तींमध्ये हे दुसरे प्रथिन घडविणाऱ्या जनुकातील ३२ घटक गळालेले असतात. आई व वडील या दोघांकडूनही असे जनुक लाभल्यास हे दार तयारच होत नाही, असे १९९६ साली आढळून आले. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे शंभरात एकास असे कवच असते. भारतीयांत ते अत्यंत विरळ आहे. शिवाय ते अभेद्यही नव्हे, कारण विषाणूचे काही प्रकार निराळ्या दाराने शिरतात.

तात्पर्य, जात, कूळ वा घराणे यांवर विसंबणे धोक्याचे आहे. निगेटिव्ह अहवालात अगदी अलीकडची लागण दिसतेच असे नाही. म्हणून पत्नीची तपासणी वेळोवेळी व्हावी. पतीने औषधे अखंड घ्यावीत. रक्तातील विषाणू तपासणीत आढळेनासा झाला व तसाच राहिला, की शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही. सरकारी केंद्रांतून ही औषधे २००४ पासून विनामूल्य मिळू लागली. खरे कवच तेच होय, आणि आपल्या देणग्यांवर चालणारा आमचा समुपदेशन कक्ष प्रत्येक कुटुंबास हेच समजावून सांगत असतो.