संगणकाचा वीजपुरवठा बिघडतो तेव्हा

संगणकाचे बटण दाबावे आणि पंखा नाही, दिवा नाही, काहीच घडू नये, म्हणजे घरातील माणसे धास्तावतात. माझ्या पुतणीच्या घरी २०२१ साली असेच झाले. ती पदविकेचा प्रकल्प-अहवाल टाईप करीत असता घरातील दिवे एकाएकी प्रखर झाले, छताचा पंखा भरधाव फिरू लागला आणि संगणकातून 'फट्' आवाज होऊन जळका वास आला. तीन-फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला की एखाद्या घराला २३० ऐवजी चारशे व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो; तसेच झाले होते. अहवाल हार्ड डिस्कवर, दुसरी प्रत नाही, आणि सादर करण्यास नऊच दिवस! एका दुकानात पेटी न उघडताच सांगण्यात आले, "मदरबोर्डसकट सगळे गेले, नवीन घ्या."

मी अभियंता नव्हे; कला शाखेचा पदवीधर, बँकेतील कारकून. परंतु ताळेबंद जुळला नाही म्हणून कोणी खतावणी फाडून टाकीत नाही, एकेक नोंद तपासतो, एवढे मला ठाऊक होते.

संगणकाच्या पेटीत मागील बाजूस जो पत्र्याचा डबा असतो तो एस.एम.पी.एस. तो २३० व्होल्टच्या विजेचे प्रथम सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो, ती सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेतो आणि शेवटी १२, ५ व ३.३ व्होल्ट देतो. शिवाय जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट, प्लग चालू असेपर्यंत, संगणक बंद असतानाही असतात.

पहिली तपासणी डबा न उघडता होते. प्लग काढून डब्याच्या सर्व तारा संगणकापासून सोडवाव्यात. २४ पिनांच्या मोठ्या जोडणीतील हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेशी तारेच्या तुकड्याने जोडावी आणि मगच प्लग लावावा. पंखा फिरला तर मीटरने पाहावे : पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३ व्होल्ट, पाच टक्के कमी-अधिक चालते. काही डबे भाराशिवाय सुरू होत नाहीत, म्हणून जुना सी.डी. ड्राइव्ह जोडून पाहावा. आमच्या डब्यात जांभळ्या तारेवरही शून्य होते. याचा अर्थ दोष आतच होता.

विद्यार्थी मित्रांनो, येथे थांबा. प्लग काढल्यावरही आतील मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशेवर व्होल्ट राहू शकतात. तो धक्का जीव घेऊ शकतो. हे काम जाणकाराचेच आहे. आम्ही आमच्या गल्लीतील टी.व्ही. दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने कंडेन्सर रिकामा झाल्याची मीटरने खात्री केली, तेव्हाच आत हात घातला.

फ्यूजची काच आतून काळी पडली होती. नुसती तार वितळली तर एखादे वेळी जुनाट फ्यूजचा दोष असतो. काळी काच म्हणजे पुढे शॉर्ट झाल्याची खूण. फ्यूजशेजारची निळी चकती, म्हणजे जादा दाब स्वतःवर घेणारा व्हॅरिस्टर, फुटली होती. रेक्टिफायरचे दोन डायोड शॉर्ट होते. मोठे ट्रान्झिस्टर मात्र शाबूत! बाहेर जाणाऱ्या बाजूचा एक कंडेन्सर डोक्यावर फुगलेला होता, तोही बदलला : मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा अधिक, १०५ अंशांचा, आणि धन-ऋण खुणा पाहून. फ्यूजच्या जागी साधी तार घालणारे लोक मी पाहिले आहेत. ते घराला आग लावण्याची तयारी करतात.

दुरुस्त डबा त्याने थेट लावला नाही. १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब मालिकेत जोडला. (एल.ई.डी. बल्बचा येथे उपयोग नाही.) बल्ब क्षणभर चमकून मंद झाला. तो प्रखर राहिला असता तर शॉर्ट अजून आत आहे असे समजायचे.

आता खरा प्रश्न, बाकीचे भाग वाचले का? मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये लाल व पिवळ्या जागांपासून काळ्या जागेपर्यंत रोध मोजला. कोठेही शून्याजवळ नव्हता. मग बोर्ड, प्रोसेसर आणि एकच रॅम जोडून सुरू केले. पडद्यावर अक्षरे आली तेव्हा पुतणी म्हणाली, "काका, आता डिस्क लावा ना!" कारागीर म्हणाला, "डिस्क सगळ्यात शेवटी."

डिस्क लावताच पुरवठा बंद पडला. काढली की सुरू. तिच्या हिरव्या पट्टीवर १२ व्होल्टच्या वाटेवर एक संरक्षक डायोड असतो. जादा दाब आला की तो स्वतः शॉर्ट होतो आणि पुढील भाग वाचवतो. मीटरने तो शॉर्ट दाखवला. डाख सोडवून त्याने तो काढला, डिस्क फिरली आणि अहवाल मिळाला. संरक्षण नसलेली ती डिस्क वापरात ठेवली नाही. सर्व फाइली दुसरीकडे उतरवून घेतल्या आणि आठवड्याभरात नवीन डिस्क बसवली.