बंबातील दगड

आमच्या गोव्याकडील घरी न्हाणीच्या चुलीवर तांब्याचे एक मोठे भाण कायमचे बसविलेले होते. आजीच्या काळापासून त्यात पाणी तापत आले. बाहेरून ते काजळीने काळेकुट्ट, पण आत हात फिरवावा तर गुळगुळीत. पुढे नोकरीनिमित्त आम्ही सिल्वासाजवळ वासोण्यास बिऱ्हाड थाटले आणि न्हाणीत एक जुना तांब्याचा बंब आणून ठेवला. पाणी तापविण्याच्या भांड्यास चिंचेने बाहेरून घासण्यापलीकडे काही करावे लागते, याची आम्हांस कल्पनाच नव्हती.

दुसऱ्या वर्षी बंब बोलू लागला. आधी नुसती कुजबुज, मग चांगली गुरगुर. तोटीची धार करंगळीएवढी होती, ती काडीएवढी झाली. रोजच्या पाण्यास एखाददुसरे लाकूड अधिक लागू लागले. शेवटी झाकण काढून दिवा धरला, तो मधल्या नळीस पांढुरक्या दगडाचे कवच चढलेले! आम्ही लोखंडी सळई घेतली आणि मोठ्या उत्साहाने ते कवच फोडावयास बसलो. कवच फुटले, आणि त्याबरोबर नळीही फुटली. तांबटकाम करणाऱ्या एका वृद्ध कारागिराने डाग देऊन ती सांधली. मात्र सांधता सांधता आमच्या पदवीविषयी दोन शब्दही ऐकविले. आम्ही कलाशाखेचे, तेव्हा ते मुकाट्याने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या गुरुजींकडे गेलो.

त्यांच्याकडून जे समजले ते असे. पावसाचे पाणी हवेतून व मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते व किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी खडकातील चुना विरघळवून आपल्याबरोबर नेते. विरघळलेला चुना डोळ्यांस दिसत नाही. परंतु पाणी तापले की तो वायू निघून जातो, आणि ज्याच्या आधाराने चुना पाण्यात राहिला होता तो आधारच नाहीसा होतो. साखर ऊन पाण्यात अधिक विरघळते. या चुन्याची रीत नेमकी उलटी. म्हणून तो जेथे धातू सर्वांत तप्त तेथेच प्रथम बसतो. अशा पाण्यास पुस्तकांतून दुष्फेन म्हणतात, कारण त्यात साबणाचा फेस सहजी होत नाही.

मग गोव्याचे भाण स्वच्छ कसे? तेथील आमची विहीर जांभ्या दगडातली. त्या दगडातील चुना युगानुयुगांच्या पावसाने केव्हाच धुऊन नेलेला. इकडे नगर हवेलीत जमिनीखाली सह्याद्रीचाच काळा पाषाण आहे. त्यात चुना व मॅग्नेशियम दोन्ही असतात, आणि कूपनलिकेचे पाणी त्याच्या भेगांतून दीर्घकाळ वावरून आलेले असते.

पाण्यातून दगड तो किती निघणार, असे कोणास वाटेल. हिशेब करून पाहू. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात दुष्फेनतेची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. तेवढा चुना असलेले ४० लिटर पाणी रोज तापविले, तर त्यातून ८ ग्रॅम चुना जातो. त्याचा केवळ दहावा हिस्सा बंबात राहिला, तरी वर्षाकाठी पाव किलोहून अधिक दगड जमतो!

हा दगड उष्णतेस मोठा अडथळा आहे. तांबे त्याच्यापेक्षा सुमारे दोनशे पटींनी उष्णता वाहून नेते. म्हणजे एक मिलिमीटर थर आणि वीतभर जाडीचे तांबे यांचा अडथळा जवळपास सारखाच. तथापि येथे अतिशयोक्ती करू नये. घरगुती बंबात मुख्य अडथळा असतो तो धुराकडून नळीकडे उष्णता जाण्यातच, म्हणून थरामुळे जळण थोडेच अधिक लागते. पण ते रोज लागते. नगर हवेलीचा सुमारे ४० टक्के प्रदेश वनांचा, आणि त्या वनांतून डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाया आमच्या दारावरून जातात. त्या मोळीतील एक लाकूड निव्वळ दगड तापविण्यात जावे, हे काही आम्हांस पटले नाही. गुरगुरण्याचे कारणही हा थरच. त्याच्या फटींत शिरलेले पाणी तेथल्या तेथे उकळते, आणि वाफेचे बुडबुडे फुटून आवाज होतो. विजेच्या गिझरात तर कांडीवर थर बसून उष्णता आत कोंडते व कांडी जळून जाते.

कारखान्यांच्या बॉयलरांत गोष्ट याहून गंभीर. तेथे आगीची धग प्रखर, वाफेचा दाब मोठा. नळीस थंड ठेवावयाचे ते पलीकडच्या पाण्यानेच. मध्ये थर आला की धातू अतितप्त होऊन मऊ पडतो, फुगतो आणि कधी फाटतो. अशा अपघातांपासून माणसे वाचावीत म्हणून बॉयलरांची नोंदणी व ठरावीक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. १९२३ च्या कायद्याची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. वाफेच्या आगगाड्या होत्या तेव्हा इंजिनांचे बॉयलरही वरचेवर रिकामे करून जोरदार पाण्याने धुवावे लागत. जुन्या काळी युरोपात बॉयलरात बटाटे टाकीत! त्यांच्या पिठूळ चिकाने चुना धातूस घट्ट न धरता गाळ होऊन राही. आता मात्र पाणी आत जाण्यापूर्वीच राळेच्या बारीक मण्यांतून नेतात. ते मणी चुना धरून ठेवतात व बदल्यात सोडियम सोडतात. मणी चुन्याने भरले की मिठाच्या पाण्याने धुवावे, की ते पुन्हा कामास तयार. शिवाय बॉयलरच्या तळाचे गढूळ पाणी अधूनमधून सोडून द्यावे लागते ते वेगळेच.

घरच्या बंबास एवढा खटाटोप नको. किराणा दुकानात लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, मिळते. विस्तव पूर्ण विझवून, बंब गार झाल्यावर, पंधरा लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम लिंबूफूल विरघळवून आत ओतावे. बारीक फसफस ऐकू येईल; चुन्यात कोंडलेला वायूच तो. पाणी उकळू मात्र नये, कारण आम्ल व चुना मिळून होणारा पदार्थ उष्णतेने पुन्हा खाली बसतो. चार-पाच तासांनी पाणी सोडून दोनदा खळबळून धुवावे. हे पाणी निळसर दिसल्यास त्यात तांबे उतरले आहे असे समजावे, व ते भाजीच्या आळ्यात सोडू नये. शंभर ग्रॅम थरास सव्वाशे ग्रॅमच्या आसपास लिंबूफूल खर्ची पडते. म्हणून थर जुना असेल तर एका वेळेत भागत नाही. फरशी धुण्याचे तीव्र आम्ल बंबात घालू नये, आणि ते ब्लीचिंग पावडरीजवळ तर मुळीच नेऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

थर बसूच नये म्हणून आम्ही दोन गोष्टी करतो. पाणी खळखळ उकळू देत नाही; साठ अंशांखाली चुना पुष्कळच सावकाश बसतो, आणि स्नानास त्याहून ऊन पाणी लागते कोणाला? दुसरे असे की पावसाळ्यात पागोळ्यांखाली पिंप ठेवतो. पहिल्या सरींत कौले धुऊन निघाली की मागाहूनचे पाणी बंबात घालतो. त्याचा व कूपनलिकेच्या पाण्याचा फरक विद्यार्थ्यांना पाहावयाचा असेल, तर दोन सारख्या बाटल्यांत दोन्ही पाणी सारखेच घ्यावे, प्रत्येकीत साबणाच्या पाण्याचे पाच-पाच थेंब टाकून बूच लावावे व हलवावे. आमच्या वर्गात गेल्या जुलैत हा प्रयोग केला, तेव्हा पावसाच्या बाटलीत बुचापर्यंत फेस चढला. दुसरीत पांढरा साका तेवढा तरंगत राहिला.