आन-किन-तान

जपानच्या फुकुशिमा प्रांतात इवाकीजवळ जोबानच्या कोळसा खाणी होत्या. त्या खाणींचं एक जुनं दुखणं होतं. कोळसा खणता खणता गरम पाणी लागायचं. ते उपसण्यात कंपनीचा पैसा जायचा आणि आतल्या उकाड्यात मजुरांचा जीव नकोसा व्हायचा. पुढे तेलाने कोळशाला मागे टाकलं, खाणी बंद पडायची वेळ आली, तेव्हा कंपनीने त्याच पाण्याचं भांडवल केलं. मोठं छत उभारलं, आत पामची झाडं लावली, खाणकामगारांच्या मुलींना हुला नाच शिकवला आणि जानेवारी 1966 मध्ये ‘जोबान हवाईयन सेंटर’ उघडलं. बाहेर कडाक्याची थंडी, आत गरम पाण्याचे हौद आणि गवताचे घागरे. ज्यांना खरं हवाई परवडत नव्हतं, ते आगगाडीने इथे येऊ लागले. याच मुलींवर 2006 मध्ये ‘हुला गर्ल्स’ नावाचा चित्रपट आला आणि चांगला गाजला.

पण खाणीच्या पाण्यात हवाईच का उतरलं? बाली किंवा पॅरिस का नाही?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. 1 एप्रिल 1964 पर्यंत साध्या जपानी माणसाला नुसतं फिरायला म्हणून परदेशी जाताच येत नव्हतं. डॉलरचा तुटवडा होता. व्यापार, शिक्षण किंवा सरकारी काम असेल तरच परवानगी मिळे. मग जपान श्रीमंत देशांच्या पंगतीत बसायला निघाला, ओईसीडीचा सभासद झाला, आणि दार किलकिलं झालं. वर्षातून एकदाच जायचं, बरोबर फक्त 500 डॉलर न्यायचे. त्याच महिन्यात निघालेली हवाईची सहल 7 मुक्काम, 9 दिवसांची होती. भाडं 3 लाख 64 हजार येन. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या नोकरदाराला तेव्हा महिन्याला साधारण 20 हजार येन पगार मिळे. म्हणजे दीड वर्षाचा अख्खा पगार, तोही पोटाला चिमटा काढून.

तरीही हवाईचं वेड आधीच डोक्यात शिरलेलं होतं. 1961 मध्ये ‘टोरिस’ व्हिस्कीच्या जाहिरातीने हवाईच्या सहलीचं बक्षीस लावलं होतं, म्हणजे जाण्याची परवानगी मिळण्याच्या तीन वर्षं आधी! 1963 पासून टीव्हीवर ‘अप डाऊन क्विझ’ सुरू झालं. एकेका बरोबर उत्तराला स्पर्धकाचा पाळणा एकेक टप्पा वर चढायचा आणि दहा उत्तरं बरोबर आली की थेट हवाई. दर आठवड्याला घरोघरी लोक तो पाळणा वर जाताना बघत बसत. माझ्या मते एखाद्या देशाच्या पर्यटनाचा नकाशा पर्यटन खात्यापेक्षा अशा पाळण्यांनी जास्त ठरतो.

हवाईशी जपानचं नातं मात्र फार जुनं आहे, आणि सुखाचं नाही. 1868 मध्ये पहिली टोळी आणि 1885 पासून करारावर हजारो जपानी शेतकरी तिथल्या उसाच्या मळ्यात राबायला गेले. ऊसतोडीला गेलेल्यांची बिऱ्हाडं कशी हलतात हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. पर्ल हार्बरही तिथलंच. त्याच बेटांवर पुढच्या पिढ्या मधुचंद्राला गेल्या, लग्नं लावायला गेल्या. वायकिकीला जपानी पाट्या आहेत, जपानी बोलणारे दुकानदार आहेत. होनोलुलू मॅरेथॉनला वेळेची मर्यादाच नाही, त्यामुळे चालत-रमत ती पुरी करणारी जपानी मंडळी हजारोंनी येतात. 2019 पासून एएनए या जपानी विमान कंपनीने टोकियो-होनोलुलू या एकाच मार्गासाठी समुद्री कासवं रंगवलेली ए-380 विमानं आणली. परदेश हवा, पण अडचण नको, हे हवाईत जमतं.

कुठे जायचं या निवडीमागचं दुसरं कारण पुस्तकातलं. हानाको मुराओका या अनुवादिकेला 1939 मध्ये जपान सोडून निघालेल्या एका कॅनेडियन मिशनरी बाईंनी ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ची प्रत दिली. शत्रूची भाषा म्हणून इंग्रजीकडे वाकड्या नजरेने बघितलं जात होतं, त्या युद्धकाळात तिने गुपचूप भाषांतर केलं. 1952 मध्ये ते छापून आलं. परदेशाचं दार उघडल्यापासून कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवर, एका लाल केसांच्या काल्पनिक पोरीचं घर बघायला, जपानी बायका अर्धी पृथ्वी ओलांडून येतात.

बाकी जबाबदारी सरकार आणि येनची. 1985 च्या प्लाझा करारानंतर येन महाग झाला. जपानच्या निर्यातीवर जग चिडलेलं होतं. तेव्हा 1987 मध्ये सरकारने चक्क ठरवलं की पाच वर्षांत 1 कोटी लोकांनी परदेशी जावं आणि पैसे खर्चून यावं. 1986 मध्ये 55 लाख लोक गेले होते. 1990 मध्येच आकडा सुमारे 1 कोटी 10 लाखांवर गेला. लोकांना घराबाहेर पिटाळणारं सरकार विरळाच!

पैसा आला, रजा मात्र आली नाही. सहलवाल्यांच्या तोंडी एक शब्द असतो : ‘आन-किन-तान’. स्वस्त, जवळ, थोडक्या दिवसांत. एप्रिल-मेचा गोल्डन वीक, ऑगस्टमधला ओबोन आणि नववर्ष सोडलं, तर कचेरीत लांब रजा मागणं जिवावर येतं. सहकाऱ्यांवर भार पडतो ना! म्हणून परतताना ओमियागे आणायचं, म्हणजे आपला गावाहून आणलेला खाऊ. हवाईहून मॅकाडेमियाच्या चॉकलेटची खोकी येतात. सोमवारी सकाळी टेबलाटेबलावर एकेक ठेवलं की रजेचं पाप धुतलं जातं. पूर्वी निघताना नातेवाईक सेंबेत्सु म्हणून हातावर पैसे ठेवत, मग तर परतफेडीचा हिशेब वहीत लिहूनच दुकानात शिरायचं.

थोडक्या रजेच्या या हिशेबात दक्षिण कोरियातलं सोल चपखल बसतं. ‘विंटर सोनाटा’ ही कोरियन मालिका एनएचकेवर 2003 पासून लागली आणि मध्यमवयीन बायका नायकाच्या पाऊलखुणा शोधत नामी बेटावर पोचल्या. आता त्यांच्या लेकी-नाती कोरियन गाणी आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी जातात. टोकियोहून अडीच तास, फुकुओकाहून बुसान तर तासाभरात. शुक्रवारी ऑफिसातून थेट विमानतळावर, रविवारी रात्री घरी. 2024 मध्ये जवळपास 32 लाख जपानी कोरियात गेले. हवाईला मात्र 2019 च्या निम्म्याच्या आसपासच. कारण 2024 च्या उन्हाळ्यात एका डॉलरला 160 येन मोजावे लागत होते. होनोलुलूत साध्या जेवणाचं बिल येनमध्ये मनातल्या मनात गुणलं की घास उतरत नाही. 2019 मध्ये 2 कोटींच्या वर गेलेला परदेशी प्रवाशांचा आकडा 2024 मध्ये 1 कोटी 30 लाखांवरच अडला. उलट त्याच वर्षी बाहेरून जपानात येणारे जवळपास 3 कोटी 69 लाख!

जपानी लोक जातात त्या देशांच्या यादीत आपला नंबर फार खाली लागतो. 2019 मध्ये भारतात आलेले जपानी अडीच लाखांच्या आत, आणि त्यातही कामधंद्यासाठी येणारे पुष्कळ. अजिंठ्याशी मात्र जपानचं जिव्हाळ्याचं नातं आहे. 1992 पासून अजिंठा-वेरूळच्या जतनाला आणि पर्यटन सुविधांना जपानी कर्जाचा हातभार लागला. त्याआधी, 1917-18 च्या सुमाराला, आराई कांपो हा चित्रकार अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत महिनोन् महिने बसून भित्तिचित्रांच्या नकला करत होता. टोकियोला नेलेल्या त्या नकला 1923 च्या भूकंपात जळाल्या.

कांपोला कुणी सोमवारी कामावर हजर व्हायला सांगितलं नव्हतं. आजच्या माणसाला टोकियोहून दिल्लीचं नऊ-दहा तासांचं विमान, तिथून छत्रपती संभाजीनगर, पुढे मोटारीने शंभरेक किलोमीटर, आणि तेवढंच परतीला. पाच दिवसांच्या रजेतले तीन वाटेतच गेले.