काजळीवर लिहिणारी नाडी

उपकेंद्रात सिस्टर दंडाला पट्टा बांधून बीपी बघतात. हा पट्टा नव्हता तेव्हा काय करत असतील?

१८६० साली फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी मनगटावर बांधायचं एक यंत्र केलं. नाव स्फिग्मोग्राफ, म्हणजे नाडी लिहिणारं यंत्र. नाडीवर स्प्रिंगची पट्टी टेकायची, तिला एक लांब हलकी काडी. नाडी उडाली की काडीचं टोक वर-खाली होई, आणि घड्याळासारख्या चावीवर कागद पुढे सरके. कागद कसला, तर धुरावर धरून काळा केलेला! चुलीवरच्या पातेल्याच्या काजळीवर नखाने रेघ ओढा, तशीच नाडीची रेघ उमटायची.

रेघ सुरेख, पण दाब किती हा आकडा तिच्यातून नीट मिळेना. १८९६ साली इटलीत रिवा-रोची यांनी दंडाला हवेचा पट्टा बांधून पाऱ्यावर दाब मोजला. त्या पट्ट्यात सायकलची ट्यूब होती बरं का! १९०५ साली रशियात कोरोत्कॉफ यांनी कोपराच्या खोबणीत नळी लावून आवाज ऐकला, आणि वरचा-खालचा दोन्ही आकडे मिळू लागले.

वाढलेलं बीपी बहुतेक वेळा दुखत-खुपत नाही, ते आकड्यातच दिसतं. मोजण्याआधी अर्धा तास चहा, मिश्री नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा. ‘ठीक आहे’ ऐकून उठू नका, आकडा विचारून कार्डावर लिहून घ्या. तो पुन्हापुन्हा १४०/९० किंवा वर आला तर डॉक्टरांकडे जा. गरोदर बाईचा मात्र एकदा जरी आला, तरी त्याच दिवशी.