फाइल गायब झाली? घाई करू नका!

घरच्या संगणकात आता केवळ गाणी आणि चित्रपट नसतात. मुलांच्या गुणपत्रिका, घराच्या कराराची प्रत, लग्नाची छायाचित्रे असा मोलाचा ऐवज त्यात साठलेला असतो. त्यातील एखादे फोल्डर दिसेनासे झाले की धाबे दणाणते. मात्र दिसेनाशी झालेली प्रत्येक फाइल नष्ट झालेली नसते. अनेकदा खरे नुकसान होते ते नंतरच्या घाईमुळे.

डिलीट म्हणजे नेमके काय?
डिलीट केलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जाते. तेथे तिच्यावर राइट क्लिक करून 'रिस्टोअर' निवडल्यास ती मूळ जागी परतते. शिफ्ट आणि डिलीट ही बटणे एकत्र दाबली, किंवा पेन ड्राइव्हवरून फाइल डिलीट केली, तर मात्र ती बिनमध्ये सापडत नाही. तरीही मजकूर लगेच पुसला जात नाही. अनुक्रमणिकेतील नाव खोडावे, पण पुस्तकातील पाने तशीच राहावीत, असा हा प्रकार असतो. त्या जागेवर नवा मजकूर लिहिला गेला, की जुना कायमचा जातो. म्हणूनच अशा वेळी त्या डिस्कवर काहीही नवे साठवू नये. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेले 'विंडोज फाइल रिकव्हरी' हे मोफत साधनही सापडलेली फाइल दुसऱ्याच ड्राइव्हवर उतरवते. एसएसडी डिस्कमध्ये मोकळी झालेली जागा लवकर साफ केली जात असल्याने तेथे आशा कमी असते.

फोल्डरऐवजी शॉर्टकट
झेरॉक्सच्या दुकानात लावून आणलेल्या पेन ड्राइव्हमध्ये कधी कधी फोल्डरऐवजी शॉर्टकट दिसतात. ही व्हायरसची करामत असते. मूळ फोल्डर लपवलेले असते आणि शॉर्टकट उघडताच व्हायरस संगणकात शिरतो. तेव्हा ड्राइव्ह फॉरमॅट करू नका आणि शॉर्टकटवर क्लिकही करू नका. आधी अँटिव्हायरसने तपासणी करा. नंतर फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपवलेल्या आणि सिस्टिमच्या संरक्षित फाइली दाखवण्याची सोय सुरू करा. आपले फोल्डर बहुधा तेथेच असते.

डेस्कटॉप रिकामा?
वनड्राइव्हचा बॅकअप सुरू केल्यास डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलवली जातात. त्यामुळे फाइल जुन्या जागी न दिसल्यास तेथे शोधावे. मात्र तेथून डिलीट केलेली फाइल जोडलेल्या सर्व उपकरणांवरून जाते. वैयक्तिक खात्यात ती वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये साधारण ३० दिवसच राहते.

म्हणूनच महत्त्वाच्या फाइलींची आणखी एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि काम होताच ती डिस्क संगणकापासून अलग करावी. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना आणि दिवस लिहिल्यास त्या आपोआप क्रमाने लागतात आणि शोधाशोधही वाचते.